हिशेब दारावर

लेउवार्डेनच्या बाहेर, कालव्यावरचा उचलपूल
आता माणूस उचलत नाही.
यिल्डाऊने लिहिलेला हास्केलचा प्रोग्राम उचलतो,
आणि माणसं आपापल्या घरी झोपतात.

परवा पहाटे तीनला सेन्सरची तार गेली.
पूल अर्धा हवेत. खाली बोट नव्हती, नशीब.
आत खोल कुठेतरी एक अपवाद फेकला गेला,
मधल्या सहा फंक्शनांच्या डोक्यावरून गेला,
आणि वर उभ्या असलेल्याने झेलला.
पूल नीट खाली आला. फाटक उघडलं. हिरवा दिवा.
कुणाच्या केसाला धक्का नाही.
फक्त रात्रभरात गेलेल्या सतरा बोटी
नोंदीत शून्य.

यिल्डाऊ दोन दिवस पडद्यासमोर.
प्रत्येक फंक्शनच्या माथ्यावर तिने आधीच लिहिलेलं:
हे मोजतं. हे पाण्याच्या पातळीशी बोलतं.
हे मोडू शकतं.
लपवाछपवी नाही. टाइप म्हणजे दिलेला शब्द,
आणि कंपायलर शब्दाला जागायला लावतो.
मग सगळे शब्द पाळून
बोटी गेल्या कुठे?

तिसऱ्या दिवशी हिल्के आला, जुनी किल्ली परत द्यायला.
एकेचाळीस वर्षं याच पुलावर.
हास्केल कशाशी खातात हे त्याने विचारलं नाही.
त्याने विचारलं, सतरा जणांचे पैसे कोणाच्या खिशात?

मग सांगत बसला.
काठीला दोरी, दोरीला लाकडी बूट,
बूट बोटीवर सोडायचा, नावाडी त्यात नाणी टाकायचे.
अठ्ठ्याहत्तरच्या ऑगस्टात दोरी तुटली.
बूट गेला. दिवसभराचे गिल्डर गाळात.
"आणि हिशेब?" तिने विचारलं.
"हिशेब बुटात ठेवतं का कुणी, पोरी?
दारावर. खडूने रेघा."

यिल्डाऊची कॉफी गार झाली.
मोजणं आणि मोडणं, असे दोन थर.
कोणता आत, कोणता बाहेर,
हे तिने ठरवलं होतं बाराखडीच्या क्रमाने,
म्हणजे ठरवलंच नव्हतं.
झेलणारा झेलायचा,
आणि हातात द्यायचा संध्याकाळची पाटी,
कोरी, जशी होती तशी.
दोन्ही क्रम कंपायलरला मान्य.
शब्द दोन्हीकडे तेच. अर्थ तेवढा निराळा.

तिने दोन ओळींची अदलाबदल केली.
चूक मुद्दाम घडवली, सतराव्या बोटीनंतर.
पडद्यावर सतरा.

हिल्के खिडकीशी उभा होता.
"पूल वर असताना बाहेरून कुणी थांब म्हणालं तर?"
ती म्हणाली, तेवढा वेळ कान झाकून घेतो प्रोग्राम.
पूल टेकला की मगच ऐकतो.
तो बराच वेळ काही बोलला नाही.

"एकदा पोलीस आला होता," तो म्हणाला,
"टोपी हातात घेऊन. फाटकापाशी.
वर पूल, खाली वाळू भरलेला पडाव.
मी नुसता हात केला. थांब.
पडाव गेला. पूल टेकला. कडी घातली.
फाटक उघडलं. रेघ ओढली.
मग त्याच्याकडे वळलो."

काय सांगायला आला होता तो पोलीस,
ते यिल्डाऊने विचारलं नाही.
हिल्केने खाऱ्या ज्येष्ठमधाची पुडी पुढे केली.
तिने एक गोळी घेतली. तिला ती आवडत नाही.

किल्ली टेबलावरच राहिली.
त्या कुलपाचं दार कधीच काढून टाकलंय,
पण फळी कुठेतरी असेल.
खाली एका बोटीने भोंगा दिला.
अठरा.